राजसबाईंच्या हातचं

(चेन्नई, ऑगस्ट २००५. मैलापूरमधल्या एका घराची पुढची ओसरी, भर दुपार. सईबाई आणि त्यांची धाकटी मावसबहीण राजसबाई, दोघी तंजावरच्या मराठी घरांतल्या. राजसबाईंना तिरुवल्लिकेणीहून येऊन आज दुसरा दिवस.)

सईबाई : तें राहू दे. आधी हें सांग, लेकराच्या तोंडातला घास कोणी काढून घेतो का? चार वर्षांची माझी नात. पेरूची फोड तोंडाला लावली होती, तूं झडप घालून घेतलीस. आत बसून रडते अहे श्रीदेवी.

राजसबाई : तो पेरू मीं कापला होता, अक्का.

सईबाई : मग? विष लावून कापलास?

राजसबाई : सवयीने कापला. समोर पेरू दिसला, सुरी दिसली, हात चालला. पोर फोड घेऊन निघाली तेव्हा ध्यानात आलें. चुकलें माझें. तिला दुसरा दे. तूं काप.

सईबाई : दोन दिवस बघते अहे मी. आल्यापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत तुझें पाऊल नाहीं. लग्नघरात चारशे पानांची आमटी एकटीने सांभाळणारी बाई तूं, आणि माझ्या घरी खुर्चीवर पाहुणीसारखी बसतेस. भांडून आलीस का? भाचसुनेने, सुष्मिताने कांहीं म्हटलें?

राजसबाई : तिने कांहींच म्हटलें नाहीं. म्हणाली असती तर बरें होतें.

सईबाई : मग भाच्याने? बालाजीरावाला तूं वाढवलास. तो बोलेल तुला?

राजसबाई : तो माझ्याकडे बघतच नाहीं आताशा. पेपर समोर धरतो. ...बस, अक्का. सांगते. सांगायलाच पाहिजे, तुझ्या घरात लहान मूल अहे. पहिल्या दिवशीच सांगायचें होतें, पण तूं रिक्षातून माझी पिशवी उतरवून घेतलीस, हात धरून आत आणलेंस, आणि माझा धीर गेला.

सईबाई : काय झालें तरी काय?

राजसबाई : बालाजीरावाच्या कार्तिकला गेल्या उन्हाळ्यात टायफॉइड झाला, तें तुला ठाऊक अहे.

सईबाई : ठाऊक म्हणजे? मी आले होते की बघायला. पोट शिवल्यावर. एवढेंसें पोर, पोटावर केवढी ती पट्टी.

राजसबाई : त्याच्या आधीचें तूं बघितलें नाहींस. नळाला तीन महिने पाणी नव्हतें, पाण्याची लॉरी आली की अस्के, सगळे जण, गल्लीभर घागरी घेऊन धावत होतों. त्या दिवसांतच पोराला ताप आला. नाक्यावरच्या डॉक्टरने बघितलें, टायफॉइडच असेल म्हणाला, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सकाळी ताप जरा उतरे, संध्याकाळी कालच्यापेक्षा एक पायरी वर चढे. पाच दिवस झाले, त्याने आणखी पाच दिवस त्याच गोळ्या दिल्या. म्हणाला, ह्या गोळीने माणूस तीन दिवसांत उठून बसतो, ह्याला जरा वेळ लागतो अहे, इतकेंच. आम्हीही विश्वास ठेवला. सुष्मिताने आधी रजा घेतली, मग रजा संपली. पेरुंगुडीला ऑफिस तिचें, सकाळी सातला बाहेर पडावें लागतें. दिवसभर पोराजवळ मीच.

सईबाई : तूंच असणार. दुसरें कोण अहे त्या घरात?

राजसबाई : अकराव्या दिवशी तो चादरीवरची फुलें वेचायला लागला. छापलेलीं फुलें, अक्का. डोळे अर्धे उघडे, आणि दोन बोटांनी एकेक फूल उचलून बाजूला ठेवायचा. काय करतोस रे म्हणून विचारलें तर ऐकूच गेलें नाहीं त्याला. आमच्या आईच्या तोंडून मी लहानपणी ऐकलें होतें, विषमज्वरात माणूस असें करूं लागला की दिवस मोजायचे. बालाजीरावाच्या ऑफिसात फोन केला. तसेंच उचलून मुलांच्या हॉस्पिटलात नेलें. तिथे डॉक्टर कनका म्हणून बाई होत्या. वयाने आपल्याएवढ्याच असतील. त्या रागावल्या नाहींत. दमलेल्या होत्या. म्हणाल्या, गोळी द्यायच्या आधी रक्त का नाहीं घेतलें? आता गोळ्या पोटात गेल्या अहेत, रक्तात जंतू उगवेल की नाहीं सांगता येत नाहीं. पहिल्या वेळी उगवला नाहींच. दुसऱ्यांदा घेतलें तेव्हा उगवला.

सईबाई : उगवतो म्हणजे काय? धान्य अहे का?

राजसबाई : मीही तेंच विचारलें. बशीत रक्ताचा थेंब पेरतात, जंतू वाढतो, मग त्याच्याभोवती निरनिराळीं औषधें ठेवून बघतात, कोणत्या औषधाला मरतो अहे. आमच्या गोळीला तो मरत नव्हता. दहा दिवस आम्ही पोराला जी गोळी देत होतों, ती त्या जंतूला लागतच नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, पूर्वी एक औषध होतें, लोकांनी तें हवें तसें खाल्लें, जंतू त्याला सरावला. मग ही गोळी आली. आता हिलाही सरावला अहे. त्या आठवड्यात त्यांच्या वॉर्डात अशीं सहा मुलें होतीं. मग शिरेतून इंजेक्शन सुरू केलें. चौथ्या दिवशी ताप हलला, आम्ही म्हटलें सुटलों. पाचव्या दिवशी पोट लाकडासारखें घट्ट झालें. आतडें फुटलें होतें. उशीर झालेला होता म्हणून.

सईबाई : अय्यो. हें मला कोणी सांगितलें नाहीं.

राजसबाई : सांगायला त्राण कुणाला होतें? ऑपरेशनच्या खोलीत नेताना सुष्मिता त्याच्या टाचा धरून चालत होती. हात धरायला जागा नव्हती, दोन्ही हातांना नळ्या. टाचा धरून दारापर्यंत गेली. आत गेला तो चार तासांनी बाहेर आला. जगला. एकवीस दिवस राहिलों आम्ही तिथे.

सईबाई : जगला ना? आता शाळेत जातो, धावतो. एक वर्ष झालें. मग आज हें काय मध्येच?

राजसबाई : ह्या मार्चमध्यें खालच्या घरातली अर्चना तापाने पडली. पाच वर्षांची. तिचे आईवडील दोघे कामाला जातात, शाळेतून सुटली की माझ्याकडे येऊन जेवायची. दोन वर्षें माझ्याच हातचें जेवली पोर. तिला ताप आला तेव्हा तिची आई घाबरून वर आली, नाक्यावरच्या डॉक्टरची चिठ्ठी हातात. मींच तिचा हात धरला. म्हटलें, गोळी देऊं नकोस. आधी रक्त, मग गोळी. कार्तिकवर आम्ही शिकलों, तूं शिकूं नकोस. मींच रिक्षा बोलावली, डॉक्टर कनकांच्या हॉस्पिटलात मींच घेऊन गेले.

सईबाई : शहाणपणच केलेंस की.

राजसबाई : होय. पोरीला वेळेवर औषध मिळालें. नऊ दिवसांत घरी आली, कांहीं झालें नाहीं तिला. पण डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. अर्चनाचा जंतू आणि कार्तिकचा जंतू, दोघांचे गुण एक. जें औषध त्याला लागत नव्हतें, तेंच हिला लागत नव्हतें. आणि घराचा पत्ता एक. त्यांनी आम्हाला बोलावून घेतलें, विचारलें, ह्या घरात आणखी कोणाला झाला होता? सुष्मिता म्हणाली, माझ्या भावाला, रत्नाकरला. साताऱ्याहून कोर्स करायला आला होता, चार महिने राहिला आणि टायफॉइड होऊन परत गेला. तेव्हा अस्कीं माणसें म्हणालीं, मद्रासचें पाणी सोसलें नाहीं. डॉक्टरबाईंनी तें लिहून घेतलें. मग विचारलें, ह्या तिघांचा स्वयंपाक कोण करतें?

सईबाई : राजस.

राजसबाई : मीं म्हटलें, मी. मोठ्या तोऱ्याने म्हटलें, अक्का. मला वाटलें, काय खायला घालतेस म्हणून विचारणार.

सईबाई : नाहीं नाहीं. सुम्मा, उगाच कांहींतरी. तुला कुठे ताप अहे? सकाळी चारला उठतेस, देवळाला फेऱ्या घालतेस. तुझ्यासारखी ठणठणीत बाई मीं बघितली नाहीं.

राजसबाई : तसेंच असतें म्हणाल्या. ज्याच्या अंगात तो घर करून राहतो, त्याला कांहीं होत नाहीं. घरातल्या चौघांचेही शौचाचे नमुने मागितले, तीन तीन वेळा. बालाजीराव, सुष्मिता, कार्तिक, तिघांचें कांहीं निघालें नाहीं. माझा पहिला नमुना साफ. दुसरा साफ. मीं देवाला नारळ ठेवला. तिसऱ्यात निघाला. तोच. पोटाचा फोटो काढला, तर पित्ताच्या पिशवीत खडे. त्या खड्यांत तो राहतो अहे म्हणाल्या. किती वर्षें, कोण जाणे.

सईबाई : ...श्रीदेवीने ती पेरूची फोड चावली होती का?

राजसबाई : ओठाला लावली होती. दात लागला नव्हता, मीं बघितलें.

सईबाई : थांब. आले मी.

राजसबाई : जा.

सईबाई : ...चूळ भरवून आले तिला. हात धुतले. सुरीही उकळत ठेवली अहे. वाईट वाटून घेऊं नकोस, राजस.

राजसबाई : नाहीं घेत. तूं गेली नसतीस तर मीं तुला पाठवलें असतें.

सईबाई : आणि तूं दोन दिवस ह्या घरात...

राजसबाई : बाहेरच्या संडासात जाते, साबणाने कोपरापर्यंत हात धुते. पाण्याच्या भांड्यात हात घातला नाहीं. तुझ्याच हातून पाणी मागून घेतलें, बघितलेंस ना? डॉक्टरबाईंनी सांगितलें, नुसत्या जवळ बसण्याने कुणाला होत नाहीं. तुम्ही मुलांना मांडीवर घ्या, गोष्टी सांगा, देवळात जा. फक्त दुसऱ्याचें अन्न करूं नका.

सईबाई : पण लॉरीचेंच पाणी असेल ना तें? अस्क्या गल्लीत ताप होता म्हणालीस. तुझ्याच हातून झालें म्हणून कोण छातीवर हात ठेवून सांगेल?

राजसबाई : कोणी नाहीं सांगत. डॉक्टरबाईही म्हणाल्या, कार्तिकला पाण्यातूनही झाला असेल, शपथेवर मी सांगूं शकत नाहीं. पण मला मोजतां येतें, अक्का. रत्नाकर आला तेव्हा नळाला पाणी होतें. अर्चना पडली तेव्हा लॉरी बंद होती, तिच्या घरी पाणी उकळून पितात. तिघांत सारखें एकच. रसम घोटणारा हात.

सईबाई : औषध नाहीं का त्याला?

राजसबाई : अठ्ठावीस दिवस गोळ्या घेतल्या. पिशवी धुवून काढायला जी गोळी अस्क्यात चांगली, तीच ह्या जंतूला लागत नाहीं. दुसरी दिली. पुन्हा नमुना दिला, पुन्हा निघाला. आता म्हणतात, पिशवीच काढून टाकूं. लहान ऑपरेशन, पोटाला चार भोकें. पण त्यानेही जाईलच म्हणून खात्री नाहीं. बहुतेकांचा जातो म्हणाल्या.

सईबाई : मग करून टाक की. घाबरतेस?

राजसबाई : एकसष्ट वर्षांत सुई टोचण्यापलीकडे माझ्या अंगाला कांहीं लागलें नाहीं. दुखत नाहीं, खुपत नाहीं, आणि पोट फाडून घ्यायचें. घाबरते. पण तेंही नाहीं... कसें सांगू. चोविसाव्या वर्षीं मी भावाच्या घरी परत आले, कपाळ पुसून. वहिनीने पहिल्या दिवशींच पळी माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून त्या घरात मला जागा अहे ती चुलीपाशी. मी कुणाची आई नव्हें, कुणाची सासू नव्हें. आता सुष्मिता पहाटे पाचला उठून अस्कें करून ठेवते, मला वाढते, आणि धावत बस पकडते. डोळ्यांखाली काळें झालें अहे तिच्या. मी खुर्चीवर बसून बघते.

सईबाई : ती कांहीं टाकून बोलते?

राजसबाई : एक शब्द नाहीं. माझें ताट निराळें नाहीं केलें तिने, पेला निराळा नाहीं केला. फक्त मी स्वयंपाकघराच्या बाजूला वळले की तिची मान वर होते. तिच्याही नकळत होत असेल.

सईबाई : मग निघून का आलीस?

राजसबाई : रविवारी कार्तिक माझ्याजवळ बसून चित्र काढत होता. फळवाला आला, मीं केळें घेतलें, सालासकट त्याच्या हातात दिलें. सालासकट, अक्का. त्याने घेतलें. आभारी अहे आत्याआजी म्हणाला. मग तें केळें हळूच चटईवर ठेवलें, उठून मोरीवर गेला, साबण लावून हात धुतले, परत आला आणि मगच सोललें. आईने शिकवलेलें तें त्याने नीट केलें. मला कळूं नये म्हणून नळ बारीक सोडला होता त्याने. आठ वर्षांचें पोर. दुसऱ्या दिवशीं मीं बालाजीरावाला सांगितलें, सईअक्काच्या गुडघ्यांना बरें नाहीं, चार दिवस जाऊन येते.

सईबाई : माझ्या गुडघ्यांचें नांव घेऊन निघालीस.

राजसबाई : तुझे गुडघे खोटे बोलत नाहींत.

सईबाई : फाटक वाजलें. कोण तें? ...ये, ये, सुष्मिता. दार उघडेंच अहे. उन्हाची अशी कशी आलीस?

सुष्मिता : सईमावशी, श्रीदेवी कुठंय?

सईबाई : आत अहे. का ग?

सुष्मिता : बरी आहे ना ती? आत्या, तुम्ही इथे स्वयंपाक... म्हणजे, काही केलं नाही ना तुम्ही?

राजसबाई : सांगितलें मीं तिला. आत्ताच. अस्कें सांगितलें.

सुष्मिता : सगळं?

सईबाई : पेरूपासून. बस आधी. घामाने निथळलीस तूं. पाणी आणते.

सुष्मिता : नको, मावशी, बसा तुम्ही. ...देवा. बसमध्ये दीड तास मी हाच विचार करत होते की तुम्ही त्यांना सांगितलं नसेल. यांनी मला काल संध्याकाळी सांगितलं तुम्ही कुठे गेलात ते. मी कामावरून आले, तुमची खोली रिकामी. यांना विचारलं तर म्हणे, मावशींचे गुडघे. माझ्या डोळ्यांपुढे श्रीदेवी आली. रात्रभर वाटत होतं की फोन करावा, आणि फोनवर हे सांगायचं कसं? शेवटी आज अर्धा दिवस टाकून आले.

राजसबाई : तूं मला इतकी वाईट समजतेस?

सुष्मिता : वाईट नाही समजत. तुम्ही लाजून गप्प राहाल असं वाटलं. मी राहिले असते.

राजसबाई : दोन दिवस राहिले की मी गप्प. खोटें नाहीं तें.

सईबाई : झालें तें झालें. पोर खेळते अहे. सुष्मिता, तूं हिला न्यायला आलीस की सावध करायला आलीस? सरळ सांग. मी म्हातारी झाले, आडून बोललेलें मला कळत नाहीं.

सुष्मिता : आधी सावध करायला आले. आता न्यायला. गुरुवारची तारीख दिलीय डॉक्टरांनी, आत्या. मी काल फोन करून धरून ठेवलीय. तुम्हाला न विचारता.

राजसबाई : मी येत नाहीं म्हणाले तर?

सुष्मिता : तर सोडून देईन. कुणी जबरदस्ती करू शकत नाही, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय.

राजसबाई : तूं इतकी धावपळ करूं नकोस, बाळ. मी इथे ह्या ओसरीवर राहीन. नाहींतर तंजावरला चुलतभाऊ सेतुमाधवाच्या घरी जाईन, मागे एक खोली अहे. तुझ्या घरात पुन्हा भीती नको.

सुष्मिता : भीती तुम्ही गेल्यावर जाते असं वाटतं तुम्हाला? काल झोपताना कार्तिकने मला विचारलं, आई, मी हात धुतले ते आत्याआजीने ऐकलं का? मी म्हटलं, का रे? म्हणाला, मग ती त्यामुळेच गेली. हात धुवायचे नव्हते का? काय सांगू मी त्याला? हात धू म्हणून शिकवायचं, आणि धुतलेस म्हणून आजी गेली, हेही सांगायचं?

राजसबाई : नाहीं ग. त्याचें कांहीं चुकलें नाहीं. त्याला सांग, त्याचें कांहींच चुकलें नाहीं.

सुष्मिता : ते तुम्ही येऊन सांगा. माझं नाही ऐकत तो. ...आणि आणखी एक आहे. ते मला आज बोलायचंय, घरी नाही जमणार. मावशींसमोर बोलले तर चालेल ना?

सईबाई : मी उठूं का?

सुष्मिता : बसा. कुणीतरी ऐकलेलं बरं. आत्या, नव्व्याण्णव साली तुम्हाला ताप आला होता. कार्तिक दोन वर्षांचा होता.

राजसबाई : आला होता. आठ-दहा दिवस होता. तो साधा ताप.

सुष्मिता : साधा नव्हता. तोच असणार, असं डॉक्टर म्हणतात. मी नुकती नोकरीला लागले होते, अजून पक्की झाले नव्हते. तुम्ही पडलात तेव्हा मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या. डॉक्टरकडे नेलं नाही. दहा दिवसांच्या गोळ्या होत्या. पाचव्या दिवशी सकाळी ताप जरा उतरला. माझी रजा संपली होती. मी तुमच्या दारात येऊन उभी राहिले आणि विचारलं, आत्या, आज बरं वाटतंय ना?

राजसबाई : मग?

सुष्मिता : तसं विचारत नाही कोणी आजारी माणसाला. मी तयार होऊन उभी होते, पर्स खांद्याला होती. तुम्ही माझ्या पर्सकडे बघितलंत आणि उठलात. भिंत धरून उठलात. मला दिसलं ते. दिसूनही मी बस पकडायला गेले. त्या दिवशी संध्याकाळी मी आले तर भाजी-आमटी सगळं तयार. गोळ्या घेतल्या का, हे मी त्यानंतर एकदाही विचारलं नाही. उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवल्या, पुढच्या वर्षी यांना खोकला झाला तेव्हा त्यातल्या दिल्या. आमच्या घरात गोळ्या कधी पुऱ्या झाल्याच नाहीत.

राजसबाई : त्या गोळीने छातीत जळत होतें. मींच घेतल्या नाहींत.

सुष्मिता : मी डॉक्टर कनकांना विचारलं गेल्या महिन्यात. एकटी गेले होते. विचारलं, तेव्हा पूर्ण औषध दिलं असतं तर? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, पूर्ण औषध घेऊनही काहींच्या पिशवीत जंतू राहतो. खडे असले की राहतोच. मग म्हणाल्या, पण अर्धं औषध देऊ नये. इतकंच. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. तुमच्याशी मी चार महिने बोलले नाही ते रागाने नव्हे, आत्या. राग होता, नव्हता असं नाही. कार्तिकचं पोट बघितलं की यायचा. पण तुमच्याकडे बघितलं की मला ती पर्स आठवायची. कुणावर रागवायचं तेच कळेना. मग बोललेच नाही.

राजसबाई : मला कोणी उठवलें नाहीं, सुष्मिता. मीच उठले. मला वाटलें, आपण पडलों तर ही पोर नोकरी सोडेल, आणि मग घरात दोन बायका, चूल एक. मला चूल सोडायची नव्हती. तूं दारात आली नसतीस तरी मी सहाव्या दिवशीं उठलेच असते.

सुष्मिता : असं नका म्हणू. मला हलकं करायला म्हणताय.

राजसबाई : नाहीं. आज कुणाला हलकें करायचें बळ नाहीं माझ्यात. होतें तें सांगितलें.

सईबाई : दोघींनी मिळून एक ताप वाटून घेतलात. पोदुम, पुरे झालें. राजस, गुरुवारचें काय तें बोल.

राजसबाई : एक विचारते, सुष्मिता. मला बरें वाटावें म्हणून खोटें सांगूं नकोस. पिशवी काढली, जंतू गेला, तर मला पुन्हा चुलीपाशी येऊं देशील?

सुष्मिता : ऑपरेशननंतर महिन्या-महिन्याने नमुने द्यायचे आहेत. सलग साफ यायला हवेत.

राजसबाई : तें डॉक्टरबाईंचें. मी तुला विचारते अहे.

सुष्मिता : ...माहीत नाही, आत्या. कागदावर सगळं साफ आलं तरी तुमच्या हातचं ताट कार्तिकपुढे ठेवताना माझा हात मागे येईल. किती दिवस, ते मला सांगता येत नाही. कदाचित वर्ष. कदाचित नाहीच जमणार.

सईबाई : अग, एवढें कठोर...

राजसबाई : बोलूं दे तिला, अक्का. अस्के लोक मला सांगतात, आत्या, कांहीं होणार नाहीं, अस्कें पहिल्यासारखें होईल. भाचाही पेपरामागून तेंच म्हणतो. मला तें ऐकून जास्त भीती वाटत होती. ...गुरुवारीं कितीला जायचें?

सुष्मिता : सकाळी सातला. आदल्या रात्रीपासून उपाशी.

राजसबाई : म्हणजे उद्या संध्याकाळीं घरी यायला पाहिजे.

सुष्मिता : आज चला. माझ्याबरोबर. कार्तिक शाळेतून साडेचारला येतो.

राजसबाई : तूं जवळ असशील? खोलीत नेतात तेव्हा?

सुष्मिता : रजा टाकलीय. चार दिवसांची. तुम्ही उठून बसेपर्यंत मी जाणार नाही. नोकरी आता पक्की आहे.

राजसबाई : बरें. पिशवी बांधते.

सईबाई : पिशवी मागून. दोघींपैकी कोणी जेवलें अहे का आज? सुष्मिता ऑफिसातून उपाशी आली, तोंडावर दिसतें अहे. आणि हिने सकाळपासून कॉफीशिवाय कांहीं घेतलें नाहीं. भात झाकून ठेवला अहे, लेकासाठी, वेंकटसाठी वांग्याचें केलें होतें तेंही अहे. मी पानें मांडते.

सुष्मिता : तुम्ही गुडघे दुखवू नका, मावशी. मला फक्त सांगा कुठे काय आहे. मी वाढते.

राजसबाई : मी निदान पाट...

सुष्मिता : आत्या, बसा. हात धुवून आलात ना? मग बसा इथे, माझ्या शेजारी. आधी तुमच्या पानात घालते. एवढा भात पुरे?

राजसबाई : थोडाच घाल. अशी बसून जेवायची सवय नाहीं मला.